थोडक्यात

छापखान्यातलं शेवटचं मशीन मंगळवारी क्रेननं उचलून नेलं आणि त्याच आठवड्यात रविवारी सकाळी सगळे जण वरच्या मजल्यावर जमले. खालची जागा सोडायची म्हणजे वरचं घरही सोडायचं, हे वर्षभर सगळ्यांना माहीत होतं. तरी आई आणि अक्का कुणाकडे राहणार, हा प्रश्न घरानं आपल्या रिवाजाप्रमाणे अगदी गळ्याशी आल्यावरच हातात घेतला होता.

छोटूच्या लेखी त्यात प्रश्न नव्हताच. (तीन भावंडांत धाकटा म्हणून त्रेपन्नाव्या वर्षीही तो घरात छोटूच होता, आणि आता ते बदलण्याची आशा त्यानंही सोडली होती.) त्यानं आपल्या घराची मागची खोली रंगवून घेतली होती, अक्काला आवडतो तसा फिकट पिवळा रंग देऊन. खिडकीशी टेबल असं लावलं होतं की उजेड डावीकडून पडावा, कारण प्रुफं वाचणाऱ्याला तो तिकडूनच लागतो. बायकोनं विचारलं होतं, "त्यांना विचारलंत का?" त्यावर तो हसला होता. अक्काचं काय हवं-नको ते त्याला माहीत नसेल तर कुणाला असणार?

अक्का चौथ्या वर्षी तापातून उठली ती कान गमावूनच. छोटू तेव्हा वर्षाचा होता, म्हणजे तो बोलायला शिकला तोच मुळी तिच्याकडे तोंड करून. त्याचे ओठ तिला जितके वाचता यायचे तितके दुसऱ्या कुणाचेच नाहीत. बाबांच्या मिशांनी तर सगळा कारभारच झाकलेला. एकेकट्या माणसाशी समोरासमोर तिचं बरं चालायचं, पण टेबलाभोवती सहा जण जमून एकमेकांचं बोलणं तोडायला लागले, की कुणाकडे बघायचं तेच तिला समजायचं नाही. म्हणून घरानं पद्धत पाडली होती. महत्त्वाचं बोलणं निघालं की अक्कानं छोटूच्या शेजारी बसायचं. छोटूच्या खिशात कटिंगच्या मशीनखाली उरणाऱ्या कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा असायचा. बोलणं दोन तास चाललं तरी शेवटी तो चार ओळी लिहून तिच्यापुढे सरकवायचा. मध्येच तिनं कोपरानं ढोसून "काय?" विचारलं, तर "सांगतो, थोडक्यात" असं म्हणायचा. थोडक्यात म्हणजे किती, ते ठरवणारा तोच. छोटू म्हणजे अक्काचे कान, असं पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं जायचं.

त्या रविवारी मात्र दादाची मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासण्याचं काम करते. गेल्याच महिन्यात तिनं आईला ऐकण्याचं यंत्र बसवून दिलं होतं, आणि ब्याऐंशीव्या वर्षी आई भिंतीपलीकडच्यांची भांडणंही ऐकायला लागली होती. आता तिनं टेबलाच्या मधोमध, फळांच्या टोपलीला टेकवून, एक टॅब उभा केला होता.

"हे काय?" छोटूनं विचारलं.

काचेवर निळी अक्षरं उमटली. हे काय.

अक्कानं ती वाचली, छोटूकडे पाहिलं आणि पुन्हा काचेकडे.

"प्रश्नचिन्ह नाही," ती म्हणाली. तिचा आवाज जाड, एकाच पट्टीतला. घरच्यांना तो समजायचा, परक्यांपुढे ती तोंडच उघडायची नाही.

"येईल गं आत्या, जरा रुळू दे त्याला," पुतणी म्हणाली. "जो बोलेल त्याचं इथे लिहून येणार. प्रत्येकाचा रंग वेगळा. काका निळा, पप्पा हिरवा, मम्मी लाल. काका, आज तुला सुट्टी."

"मी लालच असणार," वहिनी म्हणाल्या. "लग्न होऊन या घरात आल्यापासून धोक्याची खूण मीच तर आहे."

सगळे हसले, आणि अक्का हसली. छोटूच्या लक्षात आलं की ती सगळ्यांबरोबर हसली. इतकी वर्षं ती जरा मागून हसायची, इतरांची तोंडं बघून, हसायचं आहे हे समजल्यावर. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण त्याला आपल्या पट्ट्या आठवल्या. वहिनी विनोद करायच्या आणि तो पट्टीवर लिहायचा, वहिनी काहीतरी चेष्टा करतायत. तेवढ्यावर माणसानं काय हसायचं? उलट सावधच राहायचं. अक्काचं आणि वहिनींचं तीस वर्षांत पटलं नाही, ते कशामुळे याचा विचार करायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती.

दादानं घसा साफ केला. "मुद्दा असा आहे," तो म्हणाला, आणि मुद्दा सोडून बाकी सगळं बोलू लागला. जागेच्या मालकाचे आजोबा कोण होते तिथपासून. या एका बाबतीत छोटूच्या पट्ट्यांनी अक्कावर उपकारच केले होते. काचेवर हिरव्या ओळींमागून हिरव्या ओळी वर सरकत होत्या आणि अक्का एकही न सोडता वाचत होती.

"दादा, हे तू तिसऱ्यांदा बोलतोयस," ती म्हणाली.

दादा थांबला. आजवर त्याला अडवायची टाप कुणाची नव्हती, अक्काची तर नाहीच.

"मध्येच बोलली गं ही," आई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "माझी पोर मध्येच बोलली."

"बोलू दे की," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं मी वाट बघतेय त्यांना कुणीतरी गप्प करण्याची. अक्का, तुमच्या तोंडात साखर पडो."

अक्कानं ते वाचलं आणि वहिनींकडे बघून चक्क डोळा मिचकावला. वहिनींनी खुर्ची थोडी तिच्या बाजूला ओढून घेतली. छोटूनं खिशातल्या पट्ट्यांवरून हात फिरवला. खरं तर इतक्या सुंदर गोष्टीवर त्याचं मन एव्हाना जडायला हवं होतं. पण या घरात एक गोष्ट अशी होती जी प्रत्येक बैठकीत कधी ना कधी निघायचीच, आणि आज ती निघाली तर काचेवर उमटणार होती.

"याला चार्जिंग किती आहे?" त्यानं विचारलं.

"दिवसभर पुरेल, काका."

"आईच्या डोळ्यांवर उजेड येतोय त्याचा. जरा बाजूला घे."

"माझ्या डोळ्यांवर काही येत नाही," आई म्हणाली. "राहू दे तिथेच."

गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची होती. अक्का ज्या शाळेत शिकली त्या बहिऱ्या मुलांच्या शाळेनं छपाईचा वर्ग काढायचं ठरवलं, आणि मुख्याध्यापिका स्वतः घरी आल्या. गाव दुसरं, राहायची सोय शाळेतच, आणि शिकवायला अक्काच हवी. छपाईचे खिळे जुळवण्यात आणि चुका पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. याच टेबलाशी दोन तास खल झाला. अक्का छोटूच्या शेजारी बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. बाई उठून गॅलरीत गेल्या तेव्हा बाबांनी छोटूला खिडकीपाशी नेलं आणि काय ते सांगितलं. अक्कानं विचारलं, "काय ठरलं?" छोटूनं पट्टी काढली आणि लिहिलं, बाबा नको म्हणतात.

तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. बाबांनी त्याच वर्षी शाळेच्या पुस्तकांचं काम त्याच्यावर सोपवलं होतं, आणि आठच दिवसांपूर्वी त्यानं सोळा पानं उलटसुलट लावून छपाईला धाडली होती. अक्कानं मशीन सुरू व्हायच्या आधी ते धरलं, निस्तरलं आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. ती गेली तर पुढच्या वेळी कोण निस्तरणार? त्यानं स्वतःशी म्हटलं, एका वर्षाचा प्रश्न आहे, पुढच्या वर्षी सांगू. बाबांना त्यानं सांगितलं की अक्काच नाही म्हणते, आणि बाबांनी तेच बाईंना कळवलं. पुढच्या वर्षी शाळेला दुसरं कुणी मिळालं आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

बाबा तिला लिहून विचारू शकले असते. दिवसभर कागदांतच तर वावरायचे. पण अक्काशी महत्त्वाचं बोलायचं ते छोटूकडून, अशी पद्धत होती, आणि पद्धत मोडायचं कुणाच्या मनातच आलं नाही. अक्काला एखाद्याचं बोलणं नको असलं की ती फक्त मान वळवायची. मग समोरच्यानं जीव तोडून बोललं तरी ते तिच्यापर्यंत पोचत नसे. त्या दिवसापासून तिनं बाबांकडे पाहिलं नाही ते बाबा जाईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं. कामाचं ते लिहून ठेवत, ती करून ठेवे. ते हातात प्रूफ घेऊन तिच्या टेबलाशी उभे राहत, थोडा वेळ थांबत, प्रूफ ठेवून जात. लोकांना सांगत, कामात असली की आमच्या अक्काला जगाचं भान नसतं.

आणि घरात मात्र तीच गोष्ट अक्काच्या थोरपणाची म्हणून सांगितली जाऊ लागली. वाढदिवस असो, बारसं असो, कुणीतरी म्हणायचंच. बाबा जा म्हणत होते, पण त्यांना सोडून अक्का गेली नाही. तिच्या डोळ्यांदेखत म्हणायचे, तिच्याकडे प्रेमानं बघत. ती कोपरानं ढोसायची, "काय?" आणि छोटू लिहायचा, तुझं कौतुक चाललंय. त्यात खोटं काही नव्हतं. अक्का ओशाळून हसायची.

"तर मग आई आणि अक्का माझ्याकडे," छोटू आता घाईनं म्हणाला. "खोली तयार आहे. रंगसुद्धा वाळला. विषय संपला."

"संपला कसा?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, राग मानू नका. पण अक्कांना कुणी विचारलं?"

"त्यात विचारायचं काय? आजवर—"

"आजवर नाही विचारलं, म्हणूनच म्हणते."

"वहिनी, चहा टाकता का जरा? आईची चहाची वेळ झाली," छोटू मोठ्यानं म्हणाला. वहिनी थांबल्या नाहीत. दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळलं, पण काचेनं दोन्ही वेगळं केलं. निळ्यात चहा आला, आणि त्याखाली लाल अक्षरं एकेक शब्द करत उमटत गेली. या घरासाठी त्यांनी आधीच पुष्कळ सोडलंय. बाबा स्वतः जा म्हणत होते त्या शाळेत, तरी त्या बाबांसाठी राहिल्या. आता तरी त्यांना हवं तिथे राहू द्या.

छोटूनं हात पुढे केला. टॅब पालथा घालावा, पाणी सांडावं, काहीतरी करावं. पण अक्काचं बोट त्याआधी लाल ओळीवर जाऊन टेकलं होतं. प्रूफ वाचताना चूक सापडली की ती असंच बोट ठेवायची.

"कोण जा म्हणालं?" तिनं विचारलं.

"बाबा," वहिनी म्हणाल्या. त्यांना प्रश्नच समजला नाही. "तुम्हीच नको म्हणालात ना?"

अक्कानं दादाकडे पाहिलं.

"हो की," दादा म्हणाला. "मी होतो घरात. बाबा म्हणाले जाऊ दे तिला. मग तू नाही म्हणालीस असं छोटूनं..."

दादा एरवी वाक्य संपवल्याशिवाय सोडत नाही. हे त्यानं अर्ध्यात सोडलं. एकेक करून सगळे छोटूकडे बघू लागले, त्याची बायकोसुद्धा. आईनं कानातलं यंत्र काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"तू लिहिलंस, बाबा नको म्हणतात," अक्का म्हणाली.

"हो."

"त्यांना काय सांगितलंस?"

 तो नेहमीसारखा तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत बोलायला गेला, पण ती त्याच्या ओठांकडे बघतच नव्हती. ती काचेकडे बघत होती.

"तुझीच इच्छा नाही, असं सांगितलं. मला भीती वाटली अक्का. तू गेलीस तर माझ्या चुका उघड्या पडल्या असत्या. पुढच्या वर्षी सांगीन म्हणत होतो." निळी अक्षरं त्याच्या प्रत्येक शब्दामागे इमानानं येत होती. त्याला पहिल्यांदा आपलं बोलणं आपल्याच डोळ्यांनी वाचावं लागत होतं, आणि ते फार क्षुल्लक दिसत होतं.

"काका," पुतणी पुटपुटली.  तिचा चेहरा असा झाला होता की चूक तिचीच असावी.

अक्कानं निळ्या ओळींवरून नजर उचलली. छोटूला वाटलं ती शाळेबद्दल बोलेल, वाया गेलेल्या वर्षांबद्दल बोलेल, त्याला वाटेल ते बोलेल. तो त्या सगळ्याला तयार होता.

"मी त्यांच्याकडे अकरा वर्षं पाहिलं नाही," ती म्हणाली. "ते येऊन उभे राहायचे. मला दिसायचं. मी मान वर केली नाही."

वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला. छोटूला रडू आवरेना. बाबा गेले तेव्हा तो इतका रडला नव्हता.

"शेवटी दवाखान्यातही नाही," अक्का म्हणाली. "ते हात पुढे करत होते. मला वाटलं, आता कशाला."

"अक्का, पुरे," दादा म्हणाला.

"नाही. छोटू, त्या दिवशी खिडकीपाशी ते काय म्हणाले, सगळं सांग. थोडक्यात नको."

त्याला वाटलं होतं आपण ते विसरलो. पण एकही शब्द गेला नव्हता. त्यानं डोळे पुसले आणि टॅबकडे तोंड करून सावकाश सांगितलं, कारण तिथून ते तिच्यापर्यंत नीट पोचणार होतं.

"म्हणाले, तिला म्हणावं जा. इथलं आपण बघू, प्रुफांचं काय, माणसं मिळतात. ती शिकवील तर दहा पोरं पायावर उभी राहतील. म्हणाले, या घरात तिच्याशी धड कुणी बोलत नाही, तिथे तिच्यासारखी माणसं तरी असतील. मग थोडे थांबले. म्हणाले, मला करमायचं नाही. पण ते मात्र तिला सांगू नकोस, ती लगेच राहील." छोटूनं पुन्हा डोळे पुसले. "सांगू नकोस म्हणाले, तेवढं एकच मी ऐकलं."

काचेवर ते सगळं येऊन थांबलं. अक्कानं एकदा वाचलं. मग बोटानं ओळी मागे ओढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कुठेही न अडता, कामाचा मजकूर वाचावा तसं. मधूनच तिचे ओठ हलत होते. आई तिच्याकडे बघत होती आणि कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे काचेवर नवीन काही आलं नाही.

मग ती वहिनींकडे वळली.

"तुमच्याकडे जागा आहे का, वहिनी? आई आणि मी."

वहिनींनी दादाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं हॉलमध्ये झोपू. यांचं घोरणं तुम्हाला ऐकू येणार नाही, हीच काय ती तुमची सोय."

अक्काच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्याबरोबरच डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते तिनं पुसलं नाही. छोटूच्या बायकोनं मान खाली घातली. मागच्या खोलीतला रंग, डावीकडचा उजेड, दोन पलंग, यातलं काहीच छोटूला आता बोलून दाखवता येईना. तो फक्त थोडा पुढे वाकला.

"अक्का, मी फार वाईट वागलो तुझ्याशी. बाबांशीही. मला माफ कर."

अक्षरं उमटली. अक्कानं शेवटच्या शब्दापर्यंत नजर नेली.

"वाचलं," ती म्हणाली, आणि दादाला पुढचं बोलायची खूण केली.